गडग्यावरून पणजी

"काल दिवसभर तुमच्या दाराला कुलूप होतं. कुणाचं काही दुखलंखुपलं नाही ना?"

काकीची चौकशी दुखण्यापासून सुरू होते आणि जेवणावर येऊन थांबते. आमच्या दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडांचा जुना गडगा आहे. डिचोलीच्या या वाड्यावरची कुठलीही बातमी आधी त्या गडग्यावर येते आणि मग गावात जाते. काकी पलीकडे तांबडी भाजी निवडत उभी होती. खांद्यावर शाल, डोक्याला काकांचा मफलर, पायांत नातवाचे मोजे.

"दुखलं नाही काकी. पणजीला गेलो होतो."

"कसला दाखला?"

"दाखला नाही. पणजी बघायला."

"म्हणजे?"

काकीला दोष देता येणार नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या माणसाने पणजीला नुसतं बघायला जावं, ही रीत आमच्याकडे अजून रुळलेली नाही. आमची पणजी म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, कुठल्या तरी खात्याचं संचालनालय, बंद पडलेली लिफ्ट आणि जेवायला गेलेले साहेब. पहिल्या बसने जायचं, शिक्का मिळवायचा, उभ्याउभ्या चहा घ्यायचा, परतायचं. उभा जन्म असं जाऊन-येऊन काढलेली माणसं वाड्यावर आहेत. त्यांना विचारा, अबे फारिया कुठे उभा आहे? ती विचारतील, कुठल्या खात्यात आहे तो?

"आणि एवढ्या थंडीत गेलात?" काकीने मफलर घट्ट केला.

आमच्या थंडीला दिल्लीचा माणूस हसेल. जानेवारीत पणजीचा पारा पहाटे 20 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तोच 32 वर जातो. पण पणजीला समुद्राची ऊब आहे, डिचोलीला नाही. रात्री आभाळ निरभ्र, जमीन लवकर निवते, घाटाकडून कोरडा वारा सुटतो, आणि सकाळी सहाला नदीवर असं धुकं बसतं की पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकू येतो पण सायकल दिसत नाही. तेव्हा स्वेटर हवाच. नऊनंतर तो हातात धरून फिरावा लागतो, हा भाग वेगळा.

"पडू दे गो थंडी," काकी म्हणाली. "थंडी पडल्याशिवाय मानकुरादाला मोहोर कुठून येणार? फक्त हे धुकं नको. धुकं आलं की मोहोर काळा पडतो आणि तुडतुडे बसतात. बरं, बुधवार का काढलात?"

हा प्रश्न विचारायला गोव्याचंच माणूस हवं. सोमवारी आमच्याकडे मासे नाहीत, गुरुवारी ह्यांचा उपास. शनिवारी-रविवारी पणजीत परप्रांतातल्या गाड्या इतक्या की पणजीकर घराबाहेर पडत नाही. मंगळवार, बुधवार की शुक्रवार एवढाच प्रश्न उरला होता, तो नणंदेने बुधवार सांगून सोडवला. ती धारगळची. तिच्या डोक्यावरून 2023 च्या जानेवारीपासून मोपा विमानतळाची विमानं जातात, आणि ती अजून म्हापशाला बसमध्ये उभी राहून येते. म्हापशाच्या स्टँडवर ती आम्हांला भेटली, कानटोपी घालून. तिथून कदंबचं शटल. पर्वरीत उड्डाणरस्त्याचं काम चाललंय, तिथे बस इतका वेळ उभी होती की नणंदेने शेजारच्या बाईकडून तिच्या सुनेची सगळी कहाणी काढून घेतली. ती वेगळी सांगेन, आज नको.

"पूल लागला की मी अजून डोळे मिटते," काकी म्हणाली.

ही गोष्ट मला पाठ आहे, पण दर वेळी ऐकायची असते. 1986 च्या जुलैची 5 तारीख. मांडवीवरचा पहिला पूल भर पावसात कोसळला. मग बेतीच्या धक्क्यावर छत्री धरून फेरीबोटीची रांग. काकी तेव्हा पणजीला नोकरीला जायची. बोट पलीकडे असली की अख्खी कचेरी उशिरा, आणि बोट अलीकडे असली तरी अख्खी कचेरी उशिराच, कारण कारण तयार असायचं. आता तिथे तीन पूल आहेत. तिसरा अटल सेतू, 2019 च्या जानेवारीत खुला झाला, मधल्या खांबांवरून तारा सोडलेला. नणंदेने बसच्या खिडकीतून त्याचे इतके फोटो काढले की उरलेल्या पणजीसाठी मोबाइलमध्ये जागाच राहिली नाही.

"मग सचिवालय बघितलंस की नाही? आमच्या वेळी तिथे आत सोडत नसत."

"आता आत कुणी नसतंच काकी."

ही पणजीची खरी गंमत. आदिलशहाचा तो वाडा नदीकाठी उभा आहे. जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून पोर्तुगीज व्हाइसरॉय 1759 साली तिथे राहायला आला. 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मुक्तीनंतर आपलं सचिवालय तिथेच, विधानसभा तिथेच. मग 2000 साली विधानसभा नदी ओलांडून पर्वरीला गेली, सचिवालय गेलं, 2021 मध्ये उच्च न्यायालयही तिकडेच गेलं.

"राजधानी पणजी आणि राज्य पर्वरीत!" काकी म्हणाली. "मग पणजीत राहिलं काय?"

"कॅसिनो आणि कॅफे."

"पहिलं राहू दे. दुसरं सांग."

मी सांगितलं. आठ-सव्वाआठला आम्ही एका जुन्या कॅफेत शिरलो. पणजीत भोसले, टाटो अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. कुणी एकाचं नाव घेतं, कुणी दुसऱ्याचं, आणि त्यावरून सोयरिकी मोडत नाहीत एवढंच. अशा कॅफेत बसायला जागा विचारायची नसते, जिथे खुर्ची रिकामी दिसेल तिथे अनोळखी माणसाच्या समोर बसायचं. आमच्यासमोर एक कारकून होता. एका हातात मराठी पेपर, दुसऱ्या हाताने पाव. पेपरातून मान न काढता त्याने माझ्याकडे मिरचीची बशी सरकवली. पातळ भाजी आली, वर वाफ. वाटाणे, बटाटा, भाजून वाटलेलं खोबरं, आणि तळाशी तो लालसर रस, पावाने पुसून घ्यायचा. ह्यांनी मिक्स मागवली, म्हणजे पातळ आणि सुकी एकाच बशीत. नणंदेने बन्स घेतले आणि अर्ध्यातच माझ्या बशीत हात घातला.

"पाव कसला? उंडे की पोई?"

"साधा पाव."

"मग इथेच खायचा होता. पोदेर दारात येतो." काकी भाजी निवडायची थांबली. "पण भाजी ते चांगली करतात हं. मी नोकरीला होते तेव्हा महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही बायका जायचो. घरी सांगायचं नाही असं ठरलेलं. बाईमाणसाने एकटीने हॉटेलात बसणं तेव्हा... जाऊ दे. चहा पेल्यात दिला की कपात?"

"पेल्यात."

"मग बरोबर हॉटेल आहे."

थंडीतल्या पणजीची उत्तम वेळ म्हणजे हा नाश्ता संपल्यापासून साधारण साडेदहापर्यंत. ऊन कोवळं, दुकानांची दारं अर्धी वर, फुटपाथवर फुलवाल्या अबोलीचे वळेसर मांडताहेत. चर्चच्या त्या पांढऱ्या, उलटसुलट वळणाऱ्या पायऱ्यांवर अजून फोटोवाले आलेले नसतात. टेकडीवरची मूळची जागा 1541 ची, आताचं चर्च 1619 सालापासूनचं. लिस्बनहून आलेली जहाजं जुन्या गोव्याला जाण्याआधी इथे थांबायची आणि खलाशी जिवंत पोचल्याबद्दल आभार मानायचे. वर टांगलेली मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडला, घंटा इकडे आली. आठ डिसेंबरच्या फेस्ताला आम्ही लहानपणी खाज्यांसाठी यायचो, तेव्हा घंटेकडे बघायला सवड कुणाला होती!

"आणि देवीला गेलीस की नाही?"

गेले होते. नाही गेले असं सांगायची माझी काय बिशाद! पणजीची महालक्ष्मी मूळ ताळगावची, बाटाबाटीच्या काळात ती आमच्या मयेला आणून ठेवली होती असं सांगतात. पोर्तुगीज सरकारने पणजीत देऊळ बांधायची परवानगी दिली ती 1818 मध्ये.

काकीने डोळे मिचकावले. "म्हणजे डिचोली तालुक्यातून पणजीला जायचं तर देवीलासुद्धा कागद लागला."

मी हसले. पण काकी लगेच गंभीर झाली. पेडण्याच्या माहेराचा विषय आला की ती गंभीर होते. "आमच्या पेडण्यात असलं काही नाही हं. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणं फिरंग्यांकडे गेलं ते 1788 ला. तुमची डिचोली त्याच्या थोडी आधी. तोवर त्यांचा देवळं मोडायचा जोर ओसरला होता. म्हणून आमची भगवती जागच्या जागी आहे आणि आम्ही पोथ्या मराठीत वाचत राहिलो. पणजीची गोष्ट वेगळी." हे ती दर दसऱ्याला सांगते. खरंच आहे, म्हणून मीही दर दसऱ्याला मान हलवते.

आता मी सांगणार होते ती गोष्ट खरी म्हणजे आझाद मैदानाकडची. जिल्हाधिकारी कार्यालय ज्या लांबलचक जुन्या इमारतीत आहे, त्याच इमारतीत मिनेझिस ब्रागांझा संस्था. संस्था 1871 ची, तेव्हा तिला वास्को द गामाचं नाव होतं. तिच्या प्रवेशदालनात शिरलं की चारी भिंतींवर निळ्या-पांढऱ्या, कडेला पिवळ्या, चितारलेल्या लाद्या. जॉर्ज कुलासू नावाच्या पोर्तुगीज चित्रकाराने केलेल्या, 1935 च्या. कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, वास्को द गामाच्या सफरीचे. जहाजं, वादळ, देवता, दरबार. एकेक चित्र कित्येक लाद्या जोडून पुरं होतं, आणि जवळ गेलं तर एका लादीवर नुसता घोड्याचा कान किंवा लाटेचा तुकडा. लांबून पाहिलं की सगळं जुळतं. आमचे हे, ज्यांना देवळातही दोन मिनिटं उभं राहवत नाही, ते तिथे कमरेवर हात ठेवून उभेच.

"शेजारीच?" काकीने विचारलं. "म्हणजे जिथे तुझ्या सासऱ्याच्या जमिनीच्या कागदासाठी...?"

"तिथेच. दोन दारं पलीकडे."

"मग त्या रांगेतल्या लोकांना कुणी सांगत कसं नाही? एवढा वेळ असतो त्यांना!"

ही सूचना जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचावी म्हणून इथे छापते आहे. टोकन द्या आणि म्हणा, तुमचा नंबर येईपर्यंत शेजारच्या लाद्या बघून या. रांगेतले निम्मे तंटे मिटतील.

"लाद्या म्हणजे आमच्या न्हाणीत लावल्यात तशाच ना? निळी फुलं?"

"तशाच," मी म्हटलं. काही वाद गडग्यावर घालायचे नसतात.

तिथून नदीकडे. सचिवालयाच्या बाजूला तो पुतळा, झगा घातलेला उंच माणूस, दोन्ही हात पसरलेले, खाली बाई आडवी झालेली. काकीला वर्णन सांगितलं तर म्हणाली, "घाडी भूत काढतोय, दुसरं काय?" तिचं फार चुकलेलं नाही. कांदोळीत 1756 साली जन्मलेला अबे फारिया पुढे पॅरिसला जाऊन लोकांना संमोहनाने झोपवायला लागला. माणूस झोपतो तो फारियाच्या हातातल्या जादूने झोपत नाही, स्वतःच्या मनाने झोपतो, असं त्याचं म्हणणं. पुतळा 1945 चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. ड्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये तुरुंगातला म्हातारा पाद्री आहे ना, तो याच्याच नावाचा.

"आणि ती भाजीची गोष्ट याचीच का?"

याचीच. लिस्बनला राजघराण्यासमोर प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच बसली. तेव्हा बापाने खालून आपल्या भाषेत हळूच सांगितलं म्हणे, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! आणि मग पोरगा सुटला. दंतकथा असेल, पण गोव्यात ती पोराला परीक्षेला पाठवताना सांगतात. काकीने हातातल्या तांबड्या भाजीकडे बघितलं आणि ती खुशीत आली.

अकराला थंडी संपली. स्वेटर पिशवीत, नणंदेची कानटोपी पर्समध्ये, आणि ह्यांच्या कपाळावर घाम. बाजारात शिरलो. जानेवारीत पणजीच्या बाजारात भाजीकडचा भाग बघावा. ताळगावची वांगी, आगशीची वांगी, मुळे, नवलकोल, चुडीच्या चुडी तांबडी भाजी. आगशीच्या वांग्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून विकणारी बाई ते नुसतं वांगं म्हणून विकत नाही. काकीसाठी दोन आणली होती, ती गडग्यावरून दिली. तिने दाबून बघितलं, देठ बघितलं, वास घेतला. "कापं करते रव्यात. एक तुला पाठवते."

आणि मग, ज्यासाठी काकीने इतका वेळ धीर धरला होता तो प्रश्न आला. "जेवलात कुठे?"

आधी एका ठिकाणी शिरलो होतो, नाव सांगत नाही. बाहेर 'अस्सल गोमंतकीय' अशी पाटी, आत पनीरचे दहा प्रकार, आणि मासळीच्या पानावर किमतीच्या जागी तीन अक्षरं, ए.पी.एस.

"म्हणजे काय?"

"आकाराप्रमाणे भाव."

"कुणाच्या? माशाच्या की गिऱ्हाइकाच्या?"

आम्ही पाणी पिऊन उठलो. ह्यांचा आकार बघता तेच शहाणपणाचं होतं. मग बाजाराजवळच एक जिना चढून वरची खाणावळ. फळ्यावर खडूने त्या दिवसाची मासळी लिहिलेली. बँकेतले, कचेऱ्यांतले, दोन वकील, एक पाद्री, सगळे मान खाली घालून जेवताहेत. थाळीत उकड्या तांदळाचं शीत, हुमण, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, एक भाजी, रव्यात तळलेला बांगडा, सोलकढी.

"हुमण कशाचं?"

"बांगड्याचं."

"तिरफळं होती?"

"होती."

"आंबटाला सोलं की चिंच?"

"सोलं."

"किसमुरात सुकी सुंगटं की नुसतंच खोबरं?"

"सुंगटं. कुरकुरीत."

काकी क्षणभर गप्प राहिली. परीक्षक गुण देण्याआधी राहतात तशी. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "पण शीत पुन्हा वाढलं का?" वाढलं, न विचारता, हुमणही. माझं मत विचाराल तर पणजीतली खाणावळ चांगली की वाईट हे एवढ्यावरच ठरवावं. पडदे, दिवे, भिंतीवरचे मारियो मिरांडाच्या धर्तीचे माणसांचे घोळके यांवर जाऊ नये.

जेवल्यावर उन्हात चालवेना. थंडीचा दिवस म्हणून निघालेली आम्ही माणसं दुपारी गारव्याच्या शोधात पाट्टोला मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. ग्रंथालय 1832 मध्ये स्थापन झालेलं, आताची इमारत नवी, मजल्यावर मजले, वातानुकूलित. नाव कृष्णदास शामा यांचं. केळशीच्या या माणसाने 1526 साली श्रीकृष्णाची कथा मराठी ओव्यांत लिहिली, म्हणजे अल्बुकर्कने गोवा घेऊन पुरती सोळा वर्षंही झाली नव्हती तेव्हा. मी जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. हे खुर्चीत बसून अबे फारियाचा सिद्धांत तपासत होते, डोळे मिटून.

चारनंतर खाडीवरचा छोटा पूल ओलांडून फोंतेन्यास. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, बाहेर झुकलेले सज्जे. इथे मात्र माझं मन लागलं नाही. घरं देखणी आहेत, पण प्रत्येक दारात कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढतंय. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक जोडी एका म्हाताऱ्याच्या पायरीवर बसली होती, आणि तो बिचारा दुधाची पिशवी घेऊन स्वतःच्या घरात शिरायला थांबला होता. 'फोटो काढू नका' अशा पाट्या लोकांनी लावल्यात, आणि त्या पाट्यांचेही फोटो निघतात. मला त्या गल्लीत आवडला तो सांत सेबास्तियांवच्या कपेलातला क्रूस. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला, ख्रिस्ताचे डोळे उघडे. त्या डोळ्यांसमोर लोकांच्या जबान्या व्हायच्या. नणंद म्हणाली, चल बाहेर.

बाहेर आल्यावर एकतीस जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीतून बेबिंका घेतली. एक थर भाजायचा, त्यावर दुसरा ओतायचा, पुन्हा भाजायचा, असे निदान सात. बलक, नारळाचा रस, साखर, तूप. काकीला अंडं चालत नाही, म्हणून तिला फक्त वर्णन दिलं. तिने विचारलं, "दोदोल नाही मिळाला?"

परतताना मुद्दाम फेरीबोट धरली, पणजी ते बेती. पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. कॅसिनोंचे दिवे लागले होते, वारा बोचरा सुटला, स्वेटर पुन्हा अंगात.

"मीसुद्धा येते पुढच्या वेळी," काकी म्हणाली. "पण मी बोटीनेच जाणार, बोटीनेच येणार. पुलावरून नाही. आणि जरा ते रेशन कार्डाचं काम आहे, तेवढं जाता जाता..."

"काकी, फाइल आणायची नाही."

ती कबूल झाली नाही, पण नाही म्हणाली नाही. तुम्हांलाही हेच सांगणं. पणजी बघायची तर संक्रांतीच्या आगेमागे एखाद्या बुधवारी जा. इफ्फीच्या नोव्हेंबरात किंवा कार्निव्हालच्या शनिवारी नको, तेव्हा रस्ते तुमचे नसतात. सकाळी आठच्या आत पोचा, कॅफेत जिथे खुर्ची मिळेल तिथे बसा, आणि सरकारी कागद घरीच ठेवा. कागद हातात असला की पेडण्या-डिचोलीच्या माणसाचे पाय कचेरीच्या जिन्याकडेच वळतात.